पांढऱ्या शेपटीचा पाहुणा

आमच्या भवानी पेठेत पक्षी पाहण्यासाठी मुद्दाम कोणी येत नाही. त्यासाठी सोलापुरात दुसरी ठिकाणे आहेत. माळढोक पाहावयाचा म्हणून लोक नान्नजच्या माळावर जात असत. आता तो तेथेही दुर्मीळ झाला आहे. हिवाळी बदके पाहावयाची तर हिप्परग्याचा तलाव गाठावा लागतो. शहरातल्या शहरात जावयाचे म्हटले, तर विजापूर रस्त्यावरील संभाजी तलाव आणि त्याच्या आसपासची वनराई आहे. भवानी पेठ ही मागांची पेठ. दिवस उजाडण्यापूर्वीच यंत्रमागांची खडखड सुरू होते. सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत राहतात आणि खिडकीच्या गजांवर, झाडाच्या पानांवर, एवढेच काय पण माणसांच्या भुवयांवरही पांढरी लव साचते. चिमण्या, कावळे, साळुंक्या आणि पारवे यांनी हा गलबला केव्हाच आपलासा केला आहे. बाकीची पाखरे दुरूनच जातात, असा माझाही पुष्कळ वर्षे समज होता.

माझ्या घराच्या मागे एक जुना कडुनिंब आहे. त्याचे बूड माझ्या अंगणात आणि निम्मा विस्तार शेजारच्या कारखान्याच्या पत्र्यावर. झाडाखाली कपडे धुण्याची दगडी डोण आहे व तिच्यात नेहमी थोडेफार पाणी असते. पाणी, सावली आणि त्या दोहोंच्या आश्रयाने वाढणारे माशा-चिलटांचे राज्य. एवढ्या तीन गोष्टींच्या बळावर दर हिवाळ्यात काही दिवस या झाडावर एक असा पाहुणा येतो, की ज्याला पाहताच मागावर बसलेला माणूसही क्षणभर हात थांबवतो.

त्याचे मराठी नाव 'स्वर्गीय नर्तक'. अंगाने तो बुलबुलाएवढा. वजन भरेल सुमारे वीस ग्रॅम. डोके निळसर काळे, चकचकीत, त्यावर टोकदार तुरा. डोळ्याभोवती निळे कडे. पूर्ण वाढ झालेल्या नराचे बाकीचे अंग शुभ्र पांढरे असते आणि शेपटीची मधली दोन पिसे वाढत वाढत तीस सेंटिमीटरपर्यंत जातात, म्हणजे त्याच्या अंगाहूनही लांब. तो फांदीवरून झेप घेतो, उडता उडता माशी टिपतो आणि परत फांदीवर येतो, तेव्हा ती दोन पिसे त्याच्यामागे अशी लहरत जातात, की कोणी हवेत पांढऱ्या सुताची दुहेरी रेघ ओढावी. मादी मात्र तांबूस रंगाची असते. तिची शेपटी आखूड आणि गळा राखट.

या पाखराला जितके रूप, तितकी नावे. हिंदीत त्याला दूधराज म्हणतात, शाह बुलबुल म्हणतात, सुलताना बुलबुलही म्हणतात. दूधराज हा मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी आहे. आमच्या पेठेत घराघरांतून तेलुगू बोलली जाते. त्या भाषेत याचे नाव 'तोक पिगिलि पिट्ट'. तोक म्हणजे शेपूट, पिगिलि पिट्ट म्हणजे बुलबुल, शेपटीवाला बुलबुल. मुलांनो, लोकांनी ठेवलेली ही नावे किती नेमकी असतात पाहा! आणि विद्वानांनी ठेवलेले नाव? शास्त्रात या पक्ष्याच्या प्रजातीला 'टर्प्सिफोनी' म्हणतात. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'मनाला आनंद देणारा आवाज' असा होतो. वास्तविक विणीच्या दिवसांत नर थोडेसे गोड गुणगुणतो एवढेच. एरवी हिवाळ्यात त्याच्या कंठातून जो 'च्वीच' असा कर्कश स्वर निघतो, तो ऐकून आनंद होणारा मनुष्य मला अद्याप भेटावयाचा आहे.

मराठीतील पक्ष्यांच्या नावांविषयी बोलावे आणि मारुती चितमपल्ली यांचे स्मरण करू नये, हे सोलापुरात तरी शक्य नाही. ते १९३२ साली याच शहरात जन्मले. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी आयुष्य जंगलात काढले आणि पाखरांची लोकांच्या तोंडी असलेली नावे गोळा करून 'पक्षिकोश' रचला. २००६ साली साहित्यसंमेलन सोलापुरात भरले, तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात सोलापुरातच त्यांनी देह ठेवला. आपल्या भाषेत पाखरांना नावे आहेत, ती नावे विसरली तर पाखरू समोर असूनही आपण त्याला ओळखणार नाही. हे ज्यांनी मराठी माणसाला दाखवून दिले, त्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या गल्लीतील मुले दरवर्षी एका प्रश्नावरून भांडतात. कधी झाडावर पांढरा नर दिसतो, तर कधी तशीच लांब शेपटी असलेला पण अंगाने तांबडा नर दिसतो. काही म्हणतात, हे दोन निराळे पक्षी. काही म्हणतात, एकच. हे भांडण आमच्या गल्लीपुरते नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत एका अभ्यासकाने इंग्लंड, अमेरिका व कॅनडा येथील मोठमोठ्या संग्रहालयांत ठेवलेले लांब शेपटीचे ६८० नर तपासले. त्यांत कोणी पांढरा, कोणी तांबडा, तर कोणी अर्धामुर्धा होता. म्हणजे एका बाजूस पांढरी पिसे आणि दुसऱ्या बाजूस तांबडी. असे सरमिसळ नर भारताच्या भागात विशेष आढळले. यावरून तीन तर्क संभवतात. तांबडे ते तरुण आणि पांढरे ते प्रौढ असतील. किंवा एकाच जातीच्या नरांत दोन रंग असतील, जसे एकाच आईचे एक मूल गोरे आणि एक सावळे. किंवा खरोखरच त्या दोन जाती असतील. या शेवटच्या तर्काला आता कोणी मान देत नाही. तरुण नर प्रथम तांबडा व आखूड शेपटीचा असतो आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी त्याला लांब पिसे येतात, हे निश्चित. परंतु प्रत्येक तांबडा पुढे पांढरा होतोच, असे मात्र नाही. याचा उलगडा होण्यासाठी आपल्याला पार दक्षिणेला, समुद्र ओलांडून जावे लागेल.

श्रीलंकेत हा पक्षी बारमाही राहतो. तेथील स्थानिक नर जन्मभर तांबडाच असतो. तो कधीच पांढरा होत नाही. हिवाळ्यात मात्र लंकेत पांढरे नर दिसू लागतात. ते तेथले नव्हेत. ते आपल्याकडून गेलेले पाहुणे. सिंहली लोकांनी या दोहोंना वेगवेगळी नावे दिली आहेत. तांबड्याला ते 'गिनि होरा' म्हणतात, म्हणजे आगचोर. जणू पाखरू पेटते कोलीत घेऊन पळाले आहे. आणि पांढऱ्याला म्हणतात 'रेदि होरा', म्हणजे कापडचोर! कोणाच्या तरी दोरीवरचे पांढरे वस्त्र चोचीत धरून त्याने धूम ठोकली आणि त्याची दशी मागे फडफडत राहिली, अशी ही कल्पना. जेथे रोज हजारो वार कापड विणले जाते त्या आमच्या पेठेला हे नाव सुचले नाही, याचे मला वैषम्य वाटते.

लंकेतील पक्षी आणि आपल्याकडील पक्षी यांची जाती एकच, तरीही त्यांच्यात असा ठरावीक फरक आहे. एका जातीच्या अशा वेगवेगळ्या प्रदेशांत राहणाऱ्या आणि थोड्या वेगळ्या दिसणाऱ्या शाखांना शास्त्रज्ञ 'उपजाती' म्हणतात. मी जन्मभर मराठी शिकवली, म्हणून मला यासाठी भाषेचा दाखला जवळचा वाटतो. सोलापूरची मराठी, कोकणातली मराठी, वऱ्हाडातली मराठी यांची धाटणी वेगळी. तरी तिघांनाही एकमेकांचे बोलणे कळते आणि तिघेही मराठीच. बोली जशी गावाच्या वेशीपाशी एकदम बदलत नाही, हळूहळू बदलत जाते, तशीच उपजातीही. आणि बोलीबोलींत अंतर फार वाढले, की पंडित म्हणू लागतात, ही बोली नव्हे, ही स्वतंत्र भाषाच.

स्वर्गीय नर्तकाच्या बाबतीत असेच घडले. पूर्वी मध्य आशियाच्या पर्वतांपासून कोरियापर्यंत व इंडोनेशियाच्या बेटांपर्यंत आढळणारे सर्व नर्तक एकाच जातीचे मानीत. २०१५च्या सुमारास या मोठ्या कुटुंबाच्या वाटण्या झाल्या. चीन, कोरिया आणि अमूर नदीचे खोरे येथे वीण करणारा नर्तक वेगळा ठरला. ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेलाही वेगळा ठरला. आणि आपल्याकडचा तो भारतीय स्वर्गीय नर्तक राहिला. या वाटण्या सरकारी मोजणीदाराने केल्या नाहीत. पिसांचे रंग, तुऱ्याची लांबी, आवाज आणि पेशींतील आनुवंशिक द्रव्य यांच्या साक्षी घेऊन त्या झाल्या.

त्याच साक्षींनी आणखी एक गंमत उघड केली. स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली या पक्ष्याला पहिले शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्याला चक्क कावळ्यांच्या प्रजातीत बसवले. पुढच्या विद्वानांना ते पटले नाही. माशा टिपतो, तर हा माशीमारच, असे म्हणून त्यांनी त्याला माशीमारांच्या कुलात नेले, आणि पुष्कळ काळ तो तेथे सुखाने नांदला. आता आनुवंशिक तपासणी सांगते, की खऱ्या माशीमारांशी त्याचे नाते दूरचे. कावळा, कोतवाल, खाटीक या पक्ष्यांच्या मोठ्या गोतावळ्यातच त्याचे मूळ आहे. लिनियसचा नेम अगदी मध्यावर लागला नव्हता, परंतु बाण त्याच दिशेने गेला होता. विणीच्या काळात हा पक्षी कधी कधी कोतवालाच्या शेजारी घरटे बांधतो. कोतवाल मोठा तापट. घार असो की कावळा, तो त्यांना पिटाळून लावतो आणि त्याच्या दराऱ्यात या नाजूक शेजाऱ्याची पिले सुरक्षित राहतात. ते घरटेही पाहण्यासारखे असते. गवताच्या काड्या आणि बारीक मुळ्या यांची लहानशी वाटी, बाहेरून कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी घट्ट लपेटलेली. तीत नर आणि मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात. पांढरा नर बसला, की त्याची शेपटी घरट्यात मावत नाही; ती बाहेर खाली लोंबत राहते आणि सारे गुपित उघड करते.

भारतीय नर्तकाच्या तीन उपजाती आहेत. एक लंकेची, तिच्याविषयी सांगून झाले. दुसरी मध्य आणि दक्षिण भारतातली. तिसरी उत्तरेची, तिचे शास्त्रीय नाव 'ल्युकोगॅस्टर', म्हणजे पांढऱ्या पोटाची. ही तिसरी उपजाती मध्य आशियातील तिएनशान पर्वताच्या पश्चिम भागात, अफगाणिस्तानात, काश्मीरमध्ये व पश्चिम हिमालयाच्या दऱ्यांत वीण करते आणि थंडी पडू लागली, की खाली उतरते. थंडीचे त्याला फारसे भय नाही, भय उपासमारीचे. कीटक नाहीसे झाले, की कीटकांवर जगणाऱ्याला तेथे काय काम?

आमच्या कडुनिंबावरचा पाहुणा या दोहोंपैकी कोणता? श्रीनगरहून सोलापूर सरळ रेषेत सुमारे अठराशे किलोमीटर. तिएनशानहून अडीच हजारांच्या वर. तो तेथून आला असेल, तर वीस ग्रॅमचा तो जीव एवढी वाट तुडवून आमच्या डोणीपाशी उतरला, असे होईल. उलट तो मध्य भारतातल्या किंवा आपल्या सह्याद्रीच्या एखाद्या ओढ्याकाठचा असेल, तर तो आपला जवळचाच, चार दिवसांसाठी माळावर उतरलेला. नुसते पाहून हे सांगता येत नाही. उत्तरेच्या उपजातीत लांब शेपटीचे तांबडे नर क्वचित असतात. म्हणून तसा नर दिसला, तर तो दक्षिणेकडचा असण्याचा संभव अधिक. पांढरा दिसला तर मात्र दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेने डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने १९५९पासून मोठ्या प्रमाणावर पाखरांच्या पायांत क्रमांक घातलेली वाळी अडकवण्याचे काम केले, ते अशाच प्रश्नांसाठी. वाळे घातलेले पाखरू दुसरीकडे कोणाला सापडले, की त्याच्या प्रवासाचे एक टोक हाती लागते.

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ पुस्तकी राहिला नाही. शेजारच्या कारखान्याचे मालक, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणते, ते एके संध्याकाळी माझ्याकडे आले. कडुनिंबाची पाने पत्र्याच्या पन्हाळीत साचतात, पावसाचे पाणी तुंबून आत गळते, गेल्या पावसाळ्यात तयार चादरींचा एक गठ्ठा भिजून वाया गेला होता. त्यांची तक्रार रास्त होती. ते म्हणाले, "गुरुजी, झाड तुमचं आहे म्हणून विचारायला आलो. महापालिकेची परवानगी मी काढतो. तोडूनच टाकू."

शहरातले झाड तोडावयाचे तर परवानगी लागते, हे १९७५च्या कायद्याने ठरलेले आहे. परंतु परवानगी हा काही माझा मुद्दा नव्हता. मी त्यांना पाहुण्याविषयी सांगितले. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "वर्षातून आठ-दहा दिवस येणारं पाखरू. त्याला दुसरं झाड नाही का मिळणार?"

हा प्रश्न सोपा नाही. मी त्यांना खोटा धीर दिला नाही, की खोटी भीतीही घातली नाही. मिळेल, कदाचित, आमच्या गल्लीत मात्र दुसरे मोठे झाड नाही. लांबचा प्रवास करणाऱ्या पाखराला दोन घरे पुरत नाहीत. एक घर अंडी घालण्याचे, एक हिवाळा काढण्याचे, आणि या दोहोंच्या मध्ये जागोजागी पाणी पिण्याच्या, पोट भरण्याच्या धर्मशाळा. आपला पाहुणा कोठून येतो हे आपल्याला ठाऊक नाही. त्यामुळे त्याच्या वाटेवरच्या किती धर्मशाळा शिल्लक आहेत, हेही ठाऊक नाही. आपल्या हाती आहे ती एकच. बोलता बोलता सिंहली लोकांनी ठेवलेल्या नावाचा विषय निघाला. कापडचोर हे नाव ऐकताच अण्णा मोठ्याने हसले. "म्हणजे आमच्या गठ्ठ्यातलं कापड नेतो की काय हा!" असे म्हणून ते पुष्कळ वेळ आपल्याशीच हसत राहिले. तेलुगू नाव तर त्यांना ठाऊकच होते. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेले. ते पाखरू म्हणजे हेच, एवढे मात्र त्यांना कोणी दाखवले नव्हते.

झाड तोडले गेले नाही. परंतु पत्र्यावर झुकलेल्या तीन फांद्या परवानगी काढून छाटाव्या लागल्या, पन्हाळीवर जाळी बसवली आणि खर्च आम्ही दोघांनी वाटून घेतला. छाटणी एप्रिलात केली, कारण तोवर पाहुणा उत्तरेकडे निघून गेलेला असतो. त्या तीन फांद्यांपैकी एक त्याच्या बसण्याची होती. पुढच्या हिवाळ्यात तो येईल की नाही, याची मला मनातून धास्ती होती. आणि खरोखर, सबंध डिसेंबर सरला तरी झाडावर कोणी आले नाही.

तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी. सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे पेठेतील माग बंद होते, म्हणून की काय, त्याचा तो कर्कश स्वर प्रथमच गल्लीभर ऐकू गेला. परंतु आला तो पांढरा नव्हता. तांबूस अंग, आखूड शेपटी. माझी नात आणि तिच्या मैत्रिणी एक वही ठेवतात. तीत दिवस, वेळ, रंग आणि शेपटी यांची नोंद करतात. त्यांनी बिनदिक्कत लिहिले, 'मादी'. मी चष्मा पुसून पाहिले, तर गळा राखट नसून चांगलाच काळपट दिसला. मी म्हटले, हा तरुण नर असावा. अजून शेपटी यावयाची आहे. मुलींना हे मान्य नव्हते. पाखरू तेवढ्यात फांदीवरून सुटले, डोणीतल्या पाण्यावर अंग आपटून पुन्हा फांदीवर बसले आणि पिसे झाडू लागले. तेव्हा गळा ओला होऊन आणखीच काळा दिसला. अण्णांच्या कारखान्यातील दोन कामगारही कठड्यावरून डोकावून पाहत होते. त्यांतला एक मुलींच्या बाजूचा निघाला.

शेवटी वहीत 'मादी' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह घातले गेले. तरुण नर असेल, तर पुढील एक-दोन हिवाळ्यांत लांब शेपटीचे पाखरू येईल, असे मी त्यांना सांगितले. त्यावर माझ्या नातीने विचारले, "पण आजोबा, तेव्हा येईल तो हाच, हे कशावरून?"

त्याच्या पायात वाळे नव्हते.